निकाल न लागणारी बैठक

पावसाळा सरत आला की मराठवाड्यातल्या कला महाविद्यालयांत मंडळांची उद्घाटने सुरू होतात. वाङ्मय मंडळ, इतिहास मंडळ, राज्यशास्त्र मंडळ, कुठे समाजशास्त्र मंडळ. भित्तिपत्रकावरचा पडदा बाजूला होतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मार्गदर्शन, अध्यक्षीय समारोप, आभार. समोर बसलेल्या मुलामुलींना या सगळ्यात काम एकच, टाळ्या वाजवण्याचे. फोटो निघतात, ते महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लागतात आणि मंडळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपी जाते. मंडळाच्या नावात 'विद्यार्थी' असतो, पण तो बोलतो फक्त सूत्रसंचालन करताना. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत हे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. विद्यापीठाच्या पार टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर, पैनगंगेच्या आणि सागाच्या जंगलाच्या किनवट तालुक्यातही ते वेगळे असण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांचे तत्त्वचर्चा मंडळ असावे असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. जिथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि परत जायची एसटी ठरलेल्या वेळेची, तिथे तत्त्वज्ञान? माझे म्हणणे असे की ते तिथेच हवे, आणि ते चालवण्यासाठी जे भांडवल लागते ते पुण्या-मुंबईपेक्षा किनवटला जास्त आहे. अडचण साधनांची कमी आणि रीतीची जास्त आहे. ज्या बैठकीत कुणी जिंकत नाही, ठराव होत नाही आणि बक्षीसही नाही, अशा बैठकीची सवय आपल्या महाविद्यालयांना उरलेली नाही.

बोलण्याची हौस कमी आहे असे मात्र कुणी म्हणू नये. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचा मराठवाड्यात मोठा शौक आहे. चांगला वक्ता विद्यार्थी वर्षभर गावोगावच्या स्पर्धा करत हिंडतो, रोख बक्षिसांवर खोलीभाडे काढतो, आणि महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात ढाली जमतात. या स्पर्धांनी खेड्यातल्या मुलांची भीड मोडली, कित्येकांना माइकसमोर उभे केले, हे उपकार मान्यच आहेत. पण वादविवाद स्पर्धेची घडण पाहा. बाजू विषयाच्या आधी ठरते, कधी चिठ्ठी टाकून ठरते. भाषण पाठ असते. घंटा वाजेपर्यंत प्रतिपक्षाचे ऐकायचे ते फक्त त्याला कोपरखळी मारायला जागा सापडावी म्हणून. अमुक मुद्दा ऐकून माझे मत बदलले, असे म्हणणाऱ्या स्पर्धकाला परीक्षक किती गुण देतील? न्यायशास्त्राच्या जुन्या आचार्यांनी हा फरक दोन हजार वर्षांपूर्वी ओळखला होता. खरे काय ते शोधण्यासाठी दोघांनी मिळून केलेला तो वाद, नुसते जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची मोडत राहणे ती वितंडा. आपण जल्पाच्या स्पर्धा घेतो, त्यांना वादाचे नाव देतो, आणि संध्याकाळी टीव्हीवर वितंडा पाहतो.

निकाल न लावता बोलत राहण्याची रीत कुठे रुजलेली पाहायची असेल तर विद्यापीठाच्या बाहेर, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात जावे लागते. मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्याचे नाव देशभर झाले. वन हक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा २००९ मध्ये मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बातम्यांत हेच आले. पण गावाने हे साधले त्यामागचे एक यंत्र फारसे कुणी निरखून पाहिले नाही. त्याचे नाव अभ्यास गट. मेंढ्यात ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. ग्रामसभेत निर्णय होतो, तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. अभ्यास गटात निर्णय होतच नाही. तिथे ज्याला विषयात रस आहे त्याने यायचे, बाहेरचा जाणकार बोलवायचा, सरकारी कागद वाचायचे, जंगल कुणाचे, कायदा म्हणजे काय, मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, अशा कोणत्याही प्रश्नावर हवे तितके बोलायचे. मत बदलले तरी चालते, कारण कुणाच्याही बोलण्याची ठरावात नोंद होणार नसते. जिथे मत नोंदले जाते तिथे माणूस ते राखायला बसतो, आणि जिथे नोंदले जात नाही तिथेच तो ते तपासायला धजतो. म्हणून आधी अभ्यास गटात उलटसुलट बोलून झालेली गोष्ट ग्रामसभेत येते तेव्हा सहमतीला फार ताणावे लागत नाही. अक्षरओळख नसलेली माणसेही या गटांत बरोबरीने बसली. महाविद्यालयात पोचलेली मुले या रीतीला अपुरी पडतील असे मानण्याला काही आधार नाही.

आपल्याकडच्या आधुनिक शिक्षणाच्या आरंभीही हाच प्रकार दिसतो. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि मराठी सभेशी दादोबा पांडुरंगांचे नाव जोडलेले आहे. या सभांत निबंध वाचायचा आणि त्यावर बोलायचे, एवढाच कार्यक्रम. पण स्त्रीशिक्षणावर वाचलेल्या निबंधातून आणि त्यावरच्या बोलण्यातून १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू झाल्या, आणि सुरुवातीला दादाभाई नौरोजींसारखे तरुण सकाळी आपले काम सुरू होण्याआधी तिथे फुकट शिकवायला जात. त्याच वर्षी त्याच वर्तुळातून परमहंस सभाही निघाली. जातिभेद मोडण्याचा तिचा विचार त्या काळाच्या मानाने धीट होता, पण सभा गुप्त होती. सभासदांनी एकत्र जेवायचे ते बंद दाराआड. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि लोकलाजेने सभा मोडली. एकाच पिढीतल्या, जवळपास त्याच माणसांच्या या दोन बैठका. उघड्यावर बोलणारी टिकली आणि तिच्यातून शाळा निघाल्या, बंद दाराआडची एका यादीने कोसळली. विद्यार्थ्यांच्या मंडळाने गटबाजीचे रूप घ्यायचे नसेल तर दार उघडे ठेवावे, हा त्यातला धडा आज कुणालाही पटण्याजोगा आहे.

तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञान चालत नाही, या समजुतीला अमळनेरने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. खानदेशातले गिरणीचे गाव. तिथल्या प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. देशभरातून निवडलेल्या तरुणांनी तिथे राहायचे, शिष्यवृत्ती घ्यायची आणि वाचन-चिंतन-चर्चा एवढेच करायचे. जी. आर. मलकानी तिथलेच, कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते, टी. आर. व्ही. मूर्ती आणि रासबिहारी दास तिथे राहिले, आणि अज्ञान या एकाच कल्पनेवर मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ग्रंथ लिहिला, तो १९३३ मध्ये निघाला. तिघांचा वाद मिटला नाही म्हणून तिघांनी वेगवेगळी बाजू एकाच पुस्तकात छापली, यापेक्षा चांगले चर्चामंडळाचे फलित दुसरे कोणते? साने गुरुजीही काही काळ या मंदिरात होते. मात्र अमळनेरचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. मंदिराचा बहुतेक व्यवहार इंग्रजीत चाले आणि माणसे बाहेरून येत. वेदान्ताच्या सूक्ष्म प्रश्नांवर तिथे जे घडले ते अभ्यासकांपर्यंत पोचले, गिरणीच्या चाळीपर्यंत पोचले असे म्हणता येत नाही. किनवटला अमळनेरचा धीर घ्यावा, नमुना घेऊ नये.

नमुना हवा तर तो नांदेडलाच आहे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेले गृहस्थ, प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. तत्त्वज्ञान हा त्यांचा पदवीचा विषय नव्हता. तरी सौंदर्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि हैदराबादच्या राजकारणापासून महाभारतापर्यंत त्यांनी जे लिहिले त्यातले बरेचसे आधी बोललेले होते, कुठल्या व्याख्यानमालेत, कुठल्या शिबिरात, कुठल्या बैठकीत. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या विवेचनाची एक खासियत विद्यार्थ्यांनी घेण्यासारखी आहे. ज्याला विरोध करायचा त्याचे म्हणणे आधी ते इतक्या ताकदीने मांडत की ऐकणाऱ्याला वाटावे, हे तर यांचेच मत दिसते. विरोधकाला हास्यास्पद करून मग हरवण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. ही सवय ग्रंथालयात एकट्याने बसून लागत नाही. आपल्या मांडणीतले छिद्र दाखवायला समोर चार माणसे नियमित बसलेली असावी लागतात. आणि हे नांदेडात घडले, जिथे कुरुंदकरांच्या विद्यार्थिदशेपर्यंत निजामाचे राज्य होते. जाहीर सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' या फर्मानाखाली आधी परवानगी काढावी लागे. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांतले अनेक नागपूरला शिकायला गेले. ज्या मुलखात चार जणांनी एकत्र बसून बोलणे हा गुन्हा ठरू शकत होता, त्या मुलखातल्या महाविद्यालयांनी बसण्याचा तो हक्क उद्घाटनाच्या कार्यक्रमात घालवावा, याचे मला वाईट वाटते.

मराठवाड्यातच दुसरे उदाहरण मिलिंद महाविद्यालयाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, त्याला पुढे नाव मिळाले ते मिनँडर या ग्रीक राजाचे, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंदाचे. पाली ग्रंथात नागसेन वादाला बसण्यापूर्वी राजाला एक अट घालतो. पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली, पेच सोडवला, तरी कुणी रागावत नाही. राजा मात्र आपल्याशी असहमत होणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. प्राचार्य, संस्थाचालक आणि स्थानिक पुढारी ज्या सभागृहात पहिल्या रांगेत बसतात तिथे ही अट भिंतीवर लावायला हरकत नाही. मिलिंदच्या परिसरात विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यात जे बोलणे साठच्या दशकात चालले, त्यातून दलित साहित्याच्या चर्चेला आकार आला आणि गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघाले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयाची पायरी चढत होते अशी ती मुले होती. तत्त्वचर्चा ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या एका उदाहरणाचा हिशोब द्यावा.

आता किनवटकडे वळू. या तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मराठा, बौद्ध, मुस्लिम, तेलुगू बोलणारी कुटुंबे, सगळे एकाच बाजारात आणि एकाच वर्गात. विद्यापीठाचे उत्तमराव राठोड आदिवासी विकास व संशोधन केंद्रही इथेच आहे. या मुलांना बैठकीची परंपरा नवी नाही. बंजारा तांड्यात नायक-कारभारी बसतात आणि नसाब भरतो. कोलामांच्या पोडात चावडी असते. पेसा कायद्याने १९९६ पासून ग्रामसभेला जे अधिकार दिले ते कागदावर का होईना इथल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना लागू आहेत. म्हणजे वीस वर्षांच्या पोराने घरच्या मोठ्यांना तासन् तास बसून, फिरून फिरून त्याच मुद्द्यावर येत, एखादा तंटा उलगडताना पाहिलेले असते. महाविद्यालयाच्या फाटकातून आत येताना हा अनुभव तो बाहेर ठेवून येतो, कारण आत कुणी तो विचारत नाही. मी भांडवल म्हटले ते हेच. अर्थात चावडीला आणि नसाबाला मर्यादा आहेत. तिथे बाईमाणसाला आणि लहानाला शब्द कमी, आणि शेवटी निकाल लागायचा असल्याने जो तो आपल्या बाजूचा. महाविद्यालयातल्या बैठकीने तिथला धीर घ्यावा आणि निकाल वगळावा.

अशा बैठकीत बोलायचे काय, तर आत्मा अमर आहे का, इथून सुरुवात करण्याची गरज नाही. प्रश्न दारातच उभे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटवरून मराठा आरक्षणाचा शासन निर्णय निघाला, आणि त्याच गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी लावून धरली. आदिवासी संघटनांनी त्याला मोर्चे काढून विरोध केला. किनवटमध्ये या दोन्ही बाजूंची मुले एकाच बाकावर बसतात. बाहेर ते दोन मोर्चे आहेत. वर्गात मात्र त्यांना चार प्रश्न एकत्र विचारता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या राज्याने केलेली नोंद आजच्या हक्काचा पुरावा कशी ठरते? मागासलेपण मोजायचे ते संस्कृतीने, गरिबीने की झालेल्या अन्यायाने? एकाला न्याय देताना दुसऱ्याचा वाटा कमी होत असेल तर न्याय हा शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा? आणि जमात म्हणजे काय, जन्म, रीतभात, भाषा की सरकारी यादी? न्याय, समानता, पुरावा, ओळख, हे तत्त्वज्ञानाचे ठरलेले प्रश्न आहेत, फक्त ते इथे तहसीलच्या दाखल्याच्या रांगेत भेटतात. बैठकीचा नियम एकच ठेवावा, कुरुंदकरांच्या रीतीचा. बंजारा मुलीने आधी आदिवासी बाजू अशी मांडावी की गोंड मुलगा म्हणेल, होय, आम्हाला हेच म्हणायचे आहे. मग त्याने तिची बाजू तशीच मांडावी. तोवर स्वतःचे मत कुणी सांगायचे नाही. हे बोलायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, आणि एका तासात एवढेच झाले तरी बैठक वाया गेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असले विषय महाविद्यालयात काढले तर भांडणे होतील, राजकारण शिरेल, प्राचार्यांना फोन येतील. आयआयटी मद्रासमध्ये आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल या विद्यार्थी गटाची मान्यता २०१५ च्या मे महिन्यात एका निनावी तक्रारीनंतर काढून घेतली गेली, देशभर गदारोळ झाला आणि जूनमध्ये ती परत द्यावी लागली. केंद्र सरकारच्या नामांकित संस्थेत हे झाले, तर किनवटचे काय? त्यावर माझे उत्तर असे की राजकारण महाविद्यालयात आधीच आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुका गेल्या, वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमला जाऊ लागला, तेव्हा राजकारण संपेल असे वाटले होते. ते संपले नाही, डिजिटल बॅनरवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत गेले, आणि तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ज्या मुलाशी आपण दुपारी डबा खाल्ला त्याच्या समाजाबद्दल तो समोर असताना आणि त्याने उत्तर द्यायचे असताना माणूस जरा जपून, जरा विचार करून बोलतो. त्यामुळे बैठकीने भांडणे वाढतील या भीतीपेक्षा, बैठक नसल्याने ती कुठे वाढत आहेत ते पाहावे. संस्थेने पाळायची पथ्ये मात्र आहेत. बैठक उघडी असावी, कोणत्याही संघटनेचा फलक मागे नसावा, आणि बैठकीत कोण काय बोलले याचे चित्रीकरण नको. मोबाइल चालू असला की मेंढ्याचा अभ्यास गट संपतो आणि वादविवाद स्पर्धा सुरू होते.

दुसरा आक्षेप पालकांचा. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांना सांगितले की वेळापत्रक, सराव आणि गुण यांनी खेड्यातला मुलगा डॉक्टर होतो. ते खरेही करून दाखवले, आणि शहरी माणसाने त्याची कितीही चेष्टा केली तरी त्या यशाची किंमत कमी होत नाही. अशा हवेत आठवड्यातला एक तास निकाल नसलेल्या गोष्टीला द्यायचा म्हणजे चैनच. याला एक तयार उत्तर आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, त्यात अशीच कोडी सोडवायला येतात, तेव्हा चर्चेचा फायदा परीक्षेतही होतो. उत्तर बरोबर आहे, पण मला ते आवडत नाही. एकदा परीक्षेच्या उपयोगावर बैठक उभी केली की नोट्स निघतात, मुद्दे पाठ होतात, आणि जल्प मागच्या दाराने परत येतो. खरे उत्तर वेगळे आहे. किनवटचा मुलगा शिक्षक होईल, वनरक्षक होईल, ग्रामसेवक होईल, सरपंचाचा मुलगा असेल तर सरपंचही होईल. वनहक्काचा दावा त्याच्या टेबलावर येईल तेव्हा त्याला कायद्याचे कलम सापडेलच. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सवय कलमात सापडत नाही आणि ती तेव्हा लावायला वेळही नसतो.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. तत्त्वज्ञानाचा विभाग मराठवाड्यातल्या फार थोड्या महाविद्यालयांत आहे, मग चालवणार कोण? इथे केंब्रिजचे उदाहरण उलट्या बाजूने उपयोगी पडते. तिथल्या मॉरल सायन्सेस क्लब या तत्त्वचर्चेच्या मंडळाला, जे १८७८ पासून चालू आहे, १९१२ मध्ये निबंध सात मिनिटांपेक्षा मोठा नको असा नियम करावा लागला. विट्गेन्स्टाइनने त्याच वर्षी वाचलेला निबंध चार मिनिटांत संपला, उरलेला वेळ चर्चेचा. आपल्याकडे पाहुण्यांचा परिचयच चार मिनिटांहून लांबतो. म्हणजे तज्ज्ञ भरपूर असलेल्या ठिकाणीही तज्ज्ञाला आखडते घ्यावे लागले. हाच क्लब १९४६ च्या ऑक्टोबरात विट्गेन्स्टाइन आणि पॉपर यांच्या खडाजंगीने आणि शेकोटीतल्या लोखंडी गजाने गाजला, आणि त्या संध्याकाळी नेमके काय घडले यावर हजर असलेल्यांचे आजही एकमत नाही. पंडित भांडत नाहीत ही नागसेनाची समजूत थोडी भाबडी होती, एवढेच त्यातून निघते. तेव्हा किनवटच्या मंडळाला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नसला तरी चालेल. इतिहास, मराठी किंवा भौतिकशास्त्राचा, सात मिनिटांत गप्प बसू शकणारा कोणीही शिक्षक पुरे. वाचायला मराठीत बरेच आहे. वाईचा मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, वाडेकरांच्या संपादनाखाली निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश मोठ्या ग्रंथालयांत असतो, दि. य. देशपांड्यांनी नागपुरात १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आजचा सुधारक'मध्ये विवेकवादावरची सलग चर्चा सापडते, आणि मे. पुं. रेगे यांचे लेखन आहेच. रेगे आणि दयाकृष्ण यांनी १९८३ मध्ये पुण्यात नैयायिक पंडितांना आणि इंग्रजीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांना समोरासमोर बसवले होते. रसेलचा विधानविषयक सिद्धांत संस्कृतात मांडला गेला, आणि पंडितांनी त्याला आपल्या शास्त्राच्या कसोटीवर तपासले. भाषेची अडचण एवढ्या उंचीवर सुटते, तर कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठीत जमत नसेल तेव्हा तिने आपल्या बोलीत सांगावे आणि शेजारच्या मैत्रिणीने ते मराठीत आणावे, यात अवघड ते काय?

उरतात त्या व्यवहाराच्या गोष्टी, आणि मंडळे बहुधा त्यांच्यावरच बुडतात. बैठक दुपारनंतर ठेवली तर तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुली येऊ शकत नाहीत, कारण शेवटची सोयीची एसटी गेली की घरी जायचे कसे हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या आधी येतो. तेव्हा तास मधल्या वेळेत, वेळापत्रकात हवा. पंचवीसच्या वर माणसे नकोत, खुर्च्या गोल हव्यात आणि व्यासपीठ नको. विषय मागच्या बैठकीत मुलांनीच ठरवावा. आणि नव्या शैक्षणिक धोरणात अभ्यासेतर उपक्रमांना श्रेयांक मिळतात, तेव्हा या बैठकीलाही दोन श्रेयांक जोडून टाकू, अशी सूचना कुणीतरी हमखास करील. ती हेतूने चांगली असेल, पण स्वीकारू नये. श्रेयांक आला की हजेरी येते, हजेरी आली की मूल्यमापन येते, मूल्यमापन आले की अहवाल आणि अहवालासाठी उद्घाटन. ज्यांना गुण हवेत त्यांच्यासाठी वादविवाद स्पर्धा आहेतच, तिथे ढालही मिळते.